सात वर्षं उभी असलेली गाडी: एका सोसायटीचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेकडची १९९५ची इमारत. दोन विंग, खाली स्टिल्ट (खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा), वर चार मजले, एकूण २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. चारचाकींसाठी पट्टे मारलेल्या जागा १४. मी तेव्हा सेक्रेटरी होते. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात थोडी माझी बाजूही आलेली असणार, ते धरूनच वाचावं.

प्रकरण सुरू झालं ते जुलै २०२३मध्ये, आणि गाडीवरून नव्हे तर डेंग्यूवरून. ए विंगमधल्या बारा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवसांत महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे दोघं जण टॉर्च आणि पांढरी वाटी घेऊन आले. कुंड्या, टाकीचं झाकण, फ्रिजमागचे ट्रे सगळं बघून ते स्टिल्टमध्ये उतरले आणि बी विंगच्या कोपऱ्यातल्या निळ्या ताडपत्रीपाशी थांबले. ताडपत्रीखाली मारुती ८००, नोंदणी १९९६ची. ताडपत्री उडू नये म्हणून टपावर दोन जुने टायर ठेवलेले. कोपरा उघड्या बाजूचा, पावसाची झड थेट आत येते. टायरमध्ये पाणी होतं, आणि ताडपत्रीला पोक आला होता तिथे वेगळं तळं. वाटीत घेतलेल्या पाण्यात स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळताना सगळ्यांनी पाहिल्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असलंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात.

नोटीस आली ती गाडीच्या मालकाला नव्हे, सोसायटीच्या नावाने. चेअरमन भडकले. त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक लागली आणि विषयपत्रिकेत एकच ओळ होती: "बी-७ची गाडी हटविणे."

गाडी कोणाची

गाडी बी-७मधल्या काकांची. काका २०१९मध्ये गेले. काकू एकट्या राहतात, मुलगा टेक्सासमध्ये, मुलगी नाशिकला. नोंदणीची पंधरा वर्षं २०११मध्ये संपली. काकांनी पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं, ते २०१६मध्ये संपलं. तेव्हापासून गाडी हललेली नाही. चारही टायर रिमवर बसलेले.

कमिटीचं म्हणणं असं की जागा अडवली आहे. सात जण चारचाकीच्या प्रतीक्षायादीत आहेत आणि इथे एक सांगाडा पट्टा घेऊन बसलाय. सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांच्या, म्हणजे आदर्श उपविधींच्या, १६९व्या कलमात सामाईक जागेवर अतिक्रमण केलं तर महिन्याच्या मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम घ्यायची तरतूद आहे, ती चेअरमननी काढून आणली. आमचा मेंटेनन्स १,८०० रुपये. पाचपट म्हणजे ९,०००. गुणिले ८४ महिने. कॅल्क्युलेटरवर ७,५६,००० हा आकडा आला आणि खोलीत क्षणभर शांतता झाली. एवढ्या पैशात नवी गाडी येते, असं कोणीतरी म्हणालं.

पत्र गेलं. मीच टाइप केलं होतं. आज वाचते तेव्हा त्यातली "सबब आपणांस अंतिम सूचना देण्यात येते" ही भाषा मला लाजवते. पहिलंच पत्र अंतिम कसं असेल?

काकूंनी पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, पावती आहे आमच्याकडे." खरंच होती. १९९५ची, बिल्डरच्या लेटरहेडवर, "स्टिल्ट कार पार्किंग, रु. १५,०००". काकूंच्या मते जागा विकत घेतलेली, मग त्यात गाडी ठेवू नाहीतर लोणच्याच्या बरण्या.

इथे दोन्ही बाजू चुकत होत्या. ते समजायला आम्हाला एका वकिलाची फी लागली.

काकूंची चूक अशी. दहिसरच्या पंचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी स्पष्ट केलं की स्टिल्टमधली मोकळी जागा म्हणजे १९६३च्या मोफा कायद्यातला (बिल्डरने फ्लॅट कसे बांधायचे-विकायचे ते सांगणारा महाराष्ट्राचा कायदा) फ्लॅट नव्हे आणि गॅरेजही नव्हे. ती सामाईक जागा. बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणजे पावती कितीही जुनी असली तरी तिने मालकी येत नाही. जागा सोसायटीची, वाटप सर्वसाधारण सभेने ठरवायचं.

आमची चूक जास्त मोठी होती. जागा सोसायटीची असली, तरी सोसायटीने ती २००१मध्ये रीतसर ठराव करून काकांना दिलेली होती. इतिवृत्ताच्या वहीत होतं, आम्ही पाहिलंच नव्हतं. दिलेल्या जागेत गाडी उभी करणं हे अतिक्रमण होत नाही. पाचपट वगैरे विसरा, असं वकील म्हणाले. बदलायचं तर वाटपाचं धोरण बदला, आणि ते कमिटीला बदलता येत नाही, सर्वसाधारण सभाच बदलू शकते.

महापालिका काय करते

मधल्या काळात आमच्यातल्या उत्साही मंडळींनी क्षेत्रीय कार्यालय गाठलं होतं. रस्त्यावरच्या बेवारस गाड्यांवर नोटीस चिकटवून त्या उचलून नेतात, मग ही का नाही? तिथल्या अभियंत्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: गाडी गेटच्या आत की बाहेर?

सगळ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात होती. रस्त्यावर वस्तू ठेवायला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं २३०वं कलम मनाई करतं आणि २३१व्या कलमाखाली आयुक्तांना ती विनानोटीस उचलता येते. मोटार वाहन कायद्याचं १२७वं कलम सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेल्या गाडीबद्दल आहे. दोन्ही ठिकाणी शब्द आहेत रस्ता, सार्वजनिक जागा. विम्याची सक्तीसुद्धा सार्वजनिक जागी गाडी वापरण्यापुरती. चालत नसलेली, विमा नसलेली, नोंदणी संपलेली गाडी खासगी आवारात नुसती उभी असेल, तर तिला हात लावायला महापालिका येत नाही. ती आत येते डासांसाठी, आगीसाठी, स्टिल्ट बंद करून कोणी खोली काढली तर त्या बांधकामासाठी. म्हणून नोटीस पाण्याची आली, गाडीची नाही.

काकूंच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्याकडे उलटं आहे. डॅलसजवळच्या उपनगरात त्याच्याच घरापुढच्या ड्राइव्हवेवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर, नंबरप्लेटची मुदत संपलेली जुनी गाडी उभी होती. इंजिन उतरवलेलं. शहराचं पत्र आलं. टेक्सासच्या ट्रान्सपोर्टेशन कोडच्या ६८३व्या प्रकरणात 'जंक्ड व्हेईकल'ची व्याख्याच आहे: प्लेटची मुदत संपलेली, आणि मोडलेली तरी किंवा सार्वजनिक जागेत ७२ तासांपेक्षा आणि खासगी जागेत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद पडलेली तरी. रस्त्यावरून दिसत असेल तर ती सार्वजनिक उपद्रव ठरते आणि किमान दहा दिवसांची नोटीस देऊन शहर ती हलवू शकतं. त्याने काय केलं? गाडी ढकलून गॅरेजमध्ये नेली आणि शटर ओढलं. प्रकरण मिटलं. तिकडे गाडी दिसते का, हे बघतात. आपल्याकडे ती कुठे आहे, हे.

हे ऐकल्यावर आमच्या एका तरुण सभासदाच्या डोक्यात जी कल्पना आली, ती येणारच होती. गेटच्या आत आहे म्हणून उचलत नाहीत ना? मग ढकला बाहेर.

मारुती ढकलणं जमण्यासारखं नव्हतं, टायर जमिनीला चिकटले होते. पण स्टिल्टमध्ये पाच बेवारस दुचाक्याही होत्या. त्यातली एक स्कूटर रात्री बाहेर गेली आणि फूटपाथला लागून उभी राहिली. चार दिवसांनी तिच्यावर नोटीस चिकटली, आम्ही मनातून खूश. आणखी काही दिवसांनी मला नागपूरहून फोन. तीन वर्षांपूर्वी ए-४मध्ये भाड्याने राहिलेला मुलगा. गाडी उचलल्याचं त्याला कळलं होतं, पैसे त्याला भरायला लागणार होते. "मॅडम, मी गाडी आत लावून गेलो होतो. बाहेर कोणी काढली?" मी गप्प. कायद्याच्या नजरेत जबाबदार तो, कारण नोंदणी त्याच्या नावावर. पण त्याने पोलिसांत तक्रार दिली असती तर उत्तर आम्हालाच द्यावं लागलं असतं. त्याने दिली नाही. खर्च सोसायटीने भरला, आणि तो कोणत्या खात्यात दाखवायचा यावर ऑडिटरने नंतर भुवया उंचावल्या.

उरलेल्या चारांचं मग रीतसर केलं. प्रत्येकीचा फोटो, नंबर, गाडीवर आणि सूचनाफलकावर ३० दिवसांची सूचना, गाड्यांच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या एम-परिवहन ॲपवर जेवढं दिसतं तेवढं पाहणं, आणि यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच घेणं. दोन मालक सापडले, त्यांनी येऊन नेल्या. चोरीची एकही निघाली नाही, याची काही जणांना बारीकशी हळहळ वाटली असावी.

जिना

ऑगस्टच्या शेवटी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचर वर नेला आणि दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर अडला. तिथे एक मुलांची सायकल, तुळशीची कुंडी, चपलांचं लोखंडी कपाट आणि कोणाच्या तरी घराच्या रंगकामातून उरलेले तीन डबे. वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीला साडी बांधून, चौघांनी खाली आणलं. मोडलेलं हाड आणि बसवून आणलेला माणूस. ते ओरडत नव्हते, दातांवर दात धरून फक्त प्रत्येक पायरीला "हं" करत होते. तो आवाज त्या दिवशी सगळ्या दारांत उभ्या असलेल्यांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी टेप लावली. जिना चार फुटी. कपाटाजवळ मोकळी जागा उरत होती दोन फूट एक इंच.

खरं सांगायचं तर १६९वं कलम लागू व्हायचं ते इथे. त्यात जिना, लँडिंग, कॉरिडॉर ही नावं लिहिलेली आहेत. काकूंच्या गाडीला लावायला निघालेली पाचपट २४पैकी १७ घरांना लागली असती, चेअरमनच्या घरासकट. त्यांचं कपाट तर सागवानी होतं.

आणि जिन्याखाली? सोसायटीचंच भंगार: उरलेल्या फरश्या, तुटक्या खुर्च्या, गणपतीच्या मांडवाचे बांबू, कार्डबोर्ड, आणि हे सगळं मीटरच्या पॅनेलपासून हातभर अंतरावर. त्याच्या शेजारी इस्त्रीवाल्याचं टेबल, महिना पाचशे रुपयांवर. जिन्याखालची जागा भाड्याने द्यायची नाही, असंही आदर्श उपविधींत आहे. काकूंच्या मुलाने आमच्या पत्राला दिलेल्या उत्तरात हे दोन्ही मुद्दे क्रमांक घालून लिहिले होते. उत्तर अतिशय सभ्य भाषेत होतं, म्हणून जास्त लागलं.

सभा

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आम्ही २४ तारखेला घेतली. साडेतीन तास चालली. कोण काय बोललं ते लिहिण्यात अर्थ नाही, कुठल्याही सोसायटीची सभा आठवा. ठराव झाले ते असे: पार्किंगचं वाटप यापुढे वर्षासाठी, मागणी जास्त असेल तर चिठ्ठ्या टाकून. अर्जासोबत चालू नोंदणी, विमा आणि पीयूसीच्या प्रती. एका घराला एकच चारचाकी जागा, उरली तरच दुसरी. सध्याच्या सगळ्यांना सहा महिन्यांची मुदत. यातलं वार्षिक वाटप, चिठ्ठ्या आणि एका घराला एक जागा हे आदर्श उपविधींत ७८व्या क्रमांकापासून पुढे आधीच लिहिलेलं आहे. आमच्याकडे ते पुस्तक कपाटात होतं, प्लास्टिकच्या कव्हरसकट.

जिन्यावर मात्र तडजोड झाली. दाराच्या खोबणीत बसेल इतकं, एक फुटापर्यंत खोल चपलांचं कपाट चालेल, बाकी सगळं आत. हे उपविधीत बसत नाही, तिथे सवलत नाहीच. मी विरोध नोंदवायला हवा होता. पण रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी सही केली.



गाडीचे कागद

काकू आता गाडी द्यायला तयार होत्या. सहा महिने म्हणजे भरपूर, असं आम्हाला वाटलं.

भंगारवाला दुसऱ्याच दिवशी आला, ताडपत्री न काढता भाव सांगितला आणि रोख द्यायची तयारी दाखवली. मोह होता. पण गाडी कागदावर काकांच्या नावाने जिवंत. तिचे भाग, तिचा नंबर उद्या कुठे सापडला तर पोलीस याच पत्त्यावर येणार. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम सांगतं, आणि इथे मालकच हयात नाही.

मग नाव बदलून घ्यावं? मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. इथे चार वर्षं झालेली. त्यात नोंदणी संपलेली. नाव बदलायला चालू नोंदणी हवी, नोंदणीला तपासणी हवी, तपासणीला गाडी चालवत न्यायला हवी. आरटीओबाहेरच्या एजंटने हे चक्र हवेत बोटाने काढून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, स्क्रॅपलाच द्या."

२०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं निघाली आहेत. त्यांनी मागितलं: मूळ आरसी बुक, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची नाहरकत. मुलाची नाहरकत ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन आली, त्यात पाच आठवडे गेले. मुलीची नाशिकहून दोन दिवसांत.

मग खरी मेख निघाली. आरसी बुकावर बँकेच्या कर्जाचा बोजा. कर्ज १९९९मध्येच फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ काकांनी कधी भरलाच नव्हता. हे अनेकांचं होतं, गाडी विकायची वेळ येईपर्यंत कळत नाही. कर्ज देणारी शाखा आता नाही, आणि बँकेने खाते क्रमांक मागितला. चोवीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा खाते क्रमांक कोणाकडे असतो?

काकू म्हणाल्या, गाडीत बघू. तोवर गाडी कोणी उघडलीच नव्हती. किल्ली फिरली नाही, मागच्या काचेतून हात घालून दार उघडलं. आत कोंदट रेक्झिनचा वास, डॅशबोर्डवर वितळून एका बाजूला कललेला प्लास्टिकचा गणपती. कप्प्यात एक लांबट वही. काकांनी प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, लिटर, रुपये, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं. शेवटच्या पानांत कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, वर खाते क्रमांक, शेवटच्या हप्त्यासमोर दोनदा अधोरेखित केलेलं "संपले". वही काकूंनी पिशवीत घातली, नंबर तेवढा मला उतरवून घेऊ दिला.

बँकेचं पत्र जानेवारीत आलं. मग जुन्या बुकाची माहिती संगणकात नाही म्हणून आरटीओत बॅकलॉग नोंद, मग बोजा उतरवणं. फेब्रुवारी २०२४च्या शेवटी केंद्राचा ट्रक आला. साखळी लावून ओढताना पुढचं उजवं चाक फिरेना, फरशीवर काळा ओरखडा उमटत गेला. साडेसहाशे किलोच्या आसपासची ती गाडी, काकूंच्या खात्यात पंधरा हजारांच्या आत रक्कम जमा झाली. त्यातली काही त्यांनी वकिलाच्या फीचा वाटा म्हणून देऊ केली. आम्ही घेतली नाही, तेवढी लाज उरली होती.

एप्रिलमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. १४ जागा, १९ अर्ज. कोपऱ्यातली जागा मिळाली ती ज्याने स्कूटर ढकलण्याची कल्पना काढली होती त्याला. पावसाची झड येते म्हणून जून उजाडताच त्याने ताडपत्री आणली. टायर ठेवले नाहीत, दोरी बांधली.

इस्त्रीवाल्याला जिन्याखालून हलवावं लागलं. आता त्याचं टेबल गेटच्या बाहेर, खांबाला लागून फूटपाथवर असतं. म्हणजे रस्त्यावर, त्या २३१व्या कलमाच्या हद्दीत. अतिक्रमण विभागाची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली की आमचा वॉचमन शिट्टी वाजवतो, दोघं मिळून टेबल उचलतात आणि गेटच्या आत दोन फूट आणून ठेवतात. निखाऱ्यांची इस्त्री कधीकधी तशीच वर असते. गाडी पुढे गेली की टेबल परत बाहेर.